विलायती चुना

४ मे १९१९, रविवार

उद्यापासून मंगळवार पेठेतल्या विहिरी माझ्या ताब्यात. पुण्याहून आरोग्याचे शिक्षण घेऊन आलो त्याला वर्ष होत आले, पण आजवर उकिरडे आणि गटारे यांपलीकडे कोणी काम सांगितले नव्हते. आता नदीकाठच्या गावांत पटकी, म्हणजे कॉलरा, आली म्हटल्यावर माझी आठवण झाली.

म्युनिसिपालिटीच्या डॉक्टरसाहेबांनी ब्लीचिंग पावडरचा पत्र्याचा पिंप दाखवला. म्हणाले, "कृष्णात, गेल्या साली इन्फ्लुएन्झाने माणसे नेली, तेव्हा आपल्या हातात काही नव्हते. या वेळी आहे. ही पावडर विहिरीत मापाने पडत राहिली तर पटकी पेठेत शिरणार नाही." मी झाकण उघडून आत वाकलो आणि खोकून खोकून बेजार झालो. साहेब हसले. "तोंड घालायचे नसते त्यात," म्हणाले.

घरी येऊन चिमणाला सांगितले. ती म्हणाली, "म्हंजे लोकांच्या पाण्यात तुमी काय तरी घालणार?"

काय तरी नव्हे, औषध, असे मी बजावले. लग्नाला सहा वर्षे झाली, तरी माझा हुद्दा तिला नीट सांगता येत नाही. शेजारणींना सांगते, "आमचं मालक गटारावर असत्यात."

६ मे, मंगळवार

नळाला जेमतेम करंगळीएवढी धार आहे, त्यामुळे निम्मी पेठ तालमीच्या विहिरीवर पाणी भरते. आज संध्याकाळी तिथूनच सुरुवात केली. तालमीचे वस्ताद गणपतराव लंगोटावरच बाहेर आले आणि विहिरीच्या काठावर पाय रोवून उभे राहिले.

"माझी पोरं दूध-बदाम खात्यात. त्यांच्या पोटात चुना घालतासा व्हय?"

मी जंतू म्हणजे काय इथपासून सुरुवात केली. ऐकायला पंधरा-वीस पैलवान जमले आणि एकाच्याही चेहऱ्यावर काही उमटेना. तेवढ्यात बाबालाल, जो माझ्या हाताखाली बादलीत पावडर कालवायचे काम करतो, नाकावरचे फडके काढून म्हणाला, "वस्ताद, चुनाच हाय, पर विलायती हाय." सगळे हसले, वस्तादही हसले, आणि काम झाले. आता पेठेत या औषधाला विलायती चुना हेच नाव पडणार. मी बाबालालला नंतर झापले.

७ मे

पहाटे विहिरीवर जाऊन उभा राहिलो. आमच्या शेजारच्या अंबूबाईंनी पहिली घागर ओढली, वास घेतला आणि सगळी पायरीवर ओतून दिली. मग मी सर्वांदेखत तांब्याभर पाणी प्यालो. घसा झोंबला, पण चेहऱ्यावर दिसू दिले नाही. मोठ्याने म्हणालो, "काही अपाय नाही. लहान मुलांनाही चालते." अंबूबाईंनी दुसरी घागर ओढली. नेतृत्व म्हणजे दुसरे काय असते?

१२ मे

घरातही तालमीच्याच विहिरीचे पाणी भरायचे असा नियम केला आहे. ज्याने सांगायचे त्याने आधी पाळायचे. चहा मात्र बिघडला आहे. आज अर्धी कपबशी तशीच ठेवली. चिमणाने ती उचलताना पाहिले. संध्याकाळी म्हणाली, "घसा लई झोंबतोय वो ह्या पान्यानं."

"सवय होईल," म्हणालो. मीही करूनच घेतो आहे.

१६ मे

आज मोठी अडचण सुटली. पिंप तालमीच्या पडवीत ठेवला होता. तिथे ओल आहे. पावडरीचे गोळे झाले आणि निम्मा जोर गेला. डॉक्टरसाहेब संतापले. ओल चालत नाही, चोरीची भीती आहे, तेव्हा माझ्याच घरी आणून ठेवतो म्हणालो. आमच्या दोन खोल्यांत सर्वांत कोरडी जागा म्हणजे स्वयंपाकघर. चुलीमागच्या भिंतीला पिंप बरोबर बसला. तिथे उन्हाळा-पावसाळा ओल येणे नाही.

चिमणा म्हणाली, "तितं मी दिसभर बसतो की."

"पिंपाला पाय फुटून तो तुझ्या अंगावर यायचा नाही," मी म्हणालो.

बाबालालने पहारीने उघडताना झाकण वाकवले आहे, त्यामुळे ते नीट बसत नाही. घरात थोडा वास राहतो. पण वास येतो म्हणजे पावडर जिवंत आहे. वास गेला की काळजी करायची.

२३ मे

चिमणाचा खोकला हटत नाही. गेल्या साली इन्फ्लुएन्झा झाला, तेव्हापासून तिची छाती नाजूक आहे. अडुळशाचा काढा करून घ्यायला सांगितला. चुलीपाशी काढा उकळायला बसली की जास्तच खोकते. डोळेही लाल असतात; रडते की काय कोण जाणे. लाकडे ओली असतील. उद्या वखारीत सांगून येतो.

१ जून, रविवार

तिचा भाऊ ज्ञानू आला होता, त्याच्याबरोबर चिमणा चार दिवस माहेरी जाऊन आली. तिचे माहेर नृसिंहवाडीच्या अलीकडे, अगदी नदीच्या काठाला. निघताना धड बोलता येत नव्हते आणि आज परत आली ती खणखणीत. खोकल्याचा मागमूस नाही. स्त्रियांचे निम्मे आजार माहेरच्या ओढीचे असतात, हे म्हणतात ते खोटे नाही. मी तिला तसे हसून म्हणालोही. ती हसली नाही. पिंपाकडे पाहून म्हणाली, "ह्यो अजून हितंच हाय व्हय?"

४ जून

पुन्हा खोकला. माहेरचा गुण तीन दिवस टिकला.

७ जून

आज चहा उत्तम झाला होता. पूर्वीसारखा. वास नाही, कडवटपणा नाही. विहिरीत पावडर तर रोजच्या मापानेच पडते आहे. म्हणजे माझ्या जिभेला सवय झाली. त्याला महिना लागला म्हणायचा. पुढच्या व्याख्यानात हे उदाहरण द्यायचे: माणसाने धीर धरला तर औषधाचे पाणीसुद्धा अमृत लागते. चिमणाला विचारले, तुलाही आता जाणवत नाही ना? ती म्हणाली, "आता बरं हाय." पाहा, मी म्हणतच होतो.

तिच्यात आणखी एक चांगला फरक पडला आहे. पहाटे उठून देवळात जाते. येताना देवळाजवळच्या विहिरीवरून, म्हणजे आपल्या तालमीच्याच, घागर भरून आणते. एका वाटेत दोन कामे.

१२ जून

पावसाची झड लागली आहे. चिमणा देवळातून आली ती घोट्यापर्यंत काळ्या चिखलात. घरभर पावले उठवली. रागावलो. आपल्या पेठेत तांबडा मुरूम, हा काळा चिखल तू आणतेस कुठून? म्हणाली, "वाट मोडली हाय, फिरून आलो."

१५ जून, रविवार

शेजारच्या दोन पेठांत पटकीने माणसे गेली. आमच्या पेठेत अजून एकही नाही. डॉक्टरसाहेब सर्वांसमोर म्हणाले, "कृष्णातच्या पेठेकडे पाहा." घरी येईपर्यंत हे वाक्य मनातल्या मनात किती वेळा घोळवले असेल. चिमणाला सांगितले तेव्हा तिने देवापुढे साखर ठेवली. ती माझ्या कामावर खूश आहे असे आज प्रथमच वाटले.

१९ जून

आमच्याच गल्लीत पटकी. आकाराम सुताराची आई परवा गेली आणि आज बायको. तरणीताठी, दोन लेकरांची आई. दोघी तालमीच्या विहिरीचे पाणी भरत. मी स्वतः विचारून ठेवले आहे. आकाराम ओट्यावर बसला होता. मला पाहून उठलासुद्धा नाही.

हे कसे झाले? पावडर जुनी होऊन तिचा जोर गेला असेल. दुसरे कारण संभवत नाही. आजपासून माप दुप्पट.

२१ जून

माप दुप्पट केल्यापासून विहिरीवर बायकाच दिसत नाहीत. पैलवान तेवढे अंघोळ करतात, तिथेच पाणी पितात आणि मला शिव्या देतात. बाबालालही खोकतो आहे. म्हणाला, "सायेब, छातीत निखारा ठिवल्यागत हुतंय." फडके ओले करून बांध, म्हणालो. बायका पावसामुळे येत नसतील. पागोळ्यांचे पाणी धरत असतील.

२२ जून, रविवार

आज विचित्र प्रकार घडला.

वस्ताद गणपतराव घरी आले होते. म्हणाले, माप कमी करा, नाही तर तालमीच्या विहिरीवर पाऊल ठेवू देणार नाही. मी त्यांना बसवले. डॉक्टरसाहेबांनी मला एका औषधाची बाटली दिली आहे. पावडर घातलेल्या पाण्यात तिचे चार थेंब टाकले की पाणी निळे होते. निळे झाले की समजावे, पाणी निर्धोक आहे. म्हटले, वस्तादांना हे डोळ्यांनी दाखवू. "माझ्या घरात काय पितो ते तुम्हीच पाहा," म्हणालो आणि चिमणाला माठातले पाणी आणायला सांगितले.

ती पेला घेऊन आली. थेंब टाकले. पाणी जसेच्या तसे. आणखी टाकले. काही नाही. मी अवघडून गेलो. थेंब बिघडले असावेत, उन्हात राहिली असेल बाटली, असे काहीतरी बोललो. वस्ताद पेल्याकडे बघत होते. मग त्यांनी दारात उभ्या असलेल्या चिमणाकडे पाहिले. तिने पदर पुढे ओढला आणि आत गेली.

त्यांनी तिला हाक मारून दुसरे पाणी मागितले, घोटभर प्याले, मिशा पुसल्या.

"पानी ग्वाड हाय की तुमच्या घरचं," म्हणाले. आणि मापाबद्दल एक शब्दही न बोलता निघून गेले.

माझा विजयच म्हणायचा. पण बाटली बदलून आणली पाहिजे.

२६ जून

चिमणाला पहाटेपासून जुलाब आणि उलट्या. भाताच्या पेजेसारखे पाणी. मी ओळखले, पण तोंडाने म्हटले नाही. डॉक्टरसाहेब येऊन गेले. पायांत गोळे येतात तेव्हा मी पोटऱ्या चोळतो. अंबूबाई डोक्याशी बसल्या आहेत. सारखी पाणी मागते. माठातले देतो आहे. एवढी तरी खात्री आहे की पाणी शुद्ध आहे.

अंबूबाईंनी माझ्या हातातला तांब्या काढून घेतला. म्हणाल्या, "हे नगा देऊ. उकळून द्या." पटकी झालेल्याला उकळलेले बरे, म्हणून मी चूल पेटवायला उठलो.

२७ जून

गेली. दुपारपर्यंत तिचे डोळे आत गेले, बोटे धुणे करून आल्यासारखी सुरकुतली. शेवटी आवाज फुटत नव्हता. मी कान लावला. म्हणाली, "तुमी रागावू नगा." कशाबद्दल, ते विचारायला हवे होते. मी म्हणालो, "बरी होशील."

३ जुलै

बारा वाजेपर्यंत पडून असतो. ज्ञानू येऊन राहिला आहे म्हणून चूल पेटते.

बाहेर पडलो तर गल्लीच्या तोंडाशी दोघे बोलत होते, मला पाहून गप्प झाले. काय बोलत होते ते मला ठाऊक आहे. सगळी पेठ तेच बोलते आहे. औषधवाल्याचीच बायको गेली. तालमीच्या विहिरीवर पैलवान बसवले आहेत. बाबालालला पावडर टाकू दिली नाही. डॉक्टरसाहेबांनी विचारले, "तुझ्या घरातले पाणी तालमीच्याच विहिरीचे होते ना?" होय म्हणालो. "मग मला काही कळत नाही," म्हणाले. माझ्यावरचा नव्हे, पावडरीवरचा विश्वास उडाल्यासारखे त्यांचे तोंड झाले होते. तालमीतले पैलवान मात्र, जे दिवसभर तेच पाणी पितात, त्यांतल्या एकालाही काही झालेले नाही. माझ्या घरात मरण यावे आणि तालमीत येऊ नये, याला मी काय म्हणू?

६ जुलै, रविवार

अंबूबाई आल्या. ज्ञानू बाहेर गेल्याची खात्री करून बसल्या. विहीर उघडण्यासाठी वस्तादांकडे शब्द टाका, असे मी त्यांना म्हणणार होतो. त्यांनीच सुरुवात केली.

"चिमणा तुमच्या हिरीचं पानी पीत न्हवती. महिना झालता. पिराजीच्या मळ्यातनं आणायची."

मला आधी अर्थच कळला नाही. पिराजीचा मळा पेठेबाहेर, ओढ्यापलीकडे. ती देवळात जात होती, मी म्हणालो.

"कसलं देऊळ? तुमास्नी च्या ग्वाड लागावा म्हनून जायची. आनि तिला सोसंना झालतं वो. त्यो पिंप तुमी चुलीमागं आनून ठिवलासा. दिसभर त्याच्या वासात. श्वास घ्यायला माझ्या दारात येऊन बसायची. म्हनायची, पान्यातबी त्योच वास, घरातबी त्योच वास, मी काय करू."

"मला का सांगितले नाही?"

"सांगितलं न्हवतं व्हय तिनं?"

मग त्या हलक्या आवाजात म्हणाल्या की आकारामची बायकोही चिमणाबरोबर मळ्यात जायची. निम्म्या गल्लीतल्या बायका जायच्या. "सायबाची बायकोच पीत न्हाय म्हटल्यावर आमी कशाला प्यावं? आमीबी तेच केलं."

त्या गेल्यावर मी त्यांच्याबद्दल फार वाईट विचार केले. ज्या बाईने माझ्या बायकोला साथ दिली आणि तोंड शिवून बसली, तिने आता पिंपाची कथा रचावी! बायका खोटेपणा झाकायला काहीही सांगतात. चिमणाने मला फसवले. तिच्या हातचा चहा मी अमृत म्हणून प्यालो आणि ती ऐकत उभी राहिली.

७ जुलै

पिराजीच्या मळ्यात जाऊन आलो. विहिरीला कठडा नाही. वरच्या अंगाच्या वस्तीत दोन माणसे पटकीने गेली, त्यांची धुणी ओढ्याला धुतली. पाऊस लागल्यावर ओढ्याचे पाणी सरळ विहिरीत. वाट काळ्या चिखलाची आहे.

पिराजी म्हणाला, "वैनी रोज यायच्या की. लई मायाळू बाई. मी म्हटलं, सायबाच्या घरची मानसं माजं पानी पित्यात म्हंजे पानी झ्याक असणार."

८ जुलै

हे सांगायचे की गिळायचे? सांगितले तर मेलेल्या बायकोची चोरी मी चव्हाट्यावर आणली असे होते. गिळले तर विहीर बंद राहते आणि पेठ पिराजीच्या मळ्याला जात राहते. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता.

संध्याकाळी तालमीत गेलो. वस्ताद होते, पंधरा-वीस पुरुष, कोपऱ्यात आकाराम. उभे राहून सांगितले की माझी बायको तालमीचे पाणी पीत नव्हती, मळ्यातले आणत होती, पटकी तिथून आली. ज्यांच्या घरी कोणी गेले त्यांनी आपापल्या बायकांना विचारा.

मग मागून एकजण म्हणाला, "नोकरी जाईल म्हनून मेलेल्या बायकूवर घालतंय."

वस्ताद म्हणाले, "न्हाय. खरं सांगत्यात. मला त्या दिशीच कळलं हुतं, पानी निळं झालं न्हाय तवा."

मी म्हणालो, "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बाईमानसाची चोरी तिच्या नवऱ्याम्होरं सांगायची व्हय? मी तसला मानूस न्हाय, सायेब."

चार दिवस होते त्या वेळी हातात. पुरे चार दिवस. सभ्य माणूस! आणि मी त्याच्यासमोर बाटलीला दोष देत बसलो होतो.

ज्ञानू दारात उभा होता हे मला ठाऊक नव्हते. घरी आलो तर तो गाठोडे बांधत होता. "दाजी," म्हणाला, "अक्का चोरून पानी आनायची, हे समद्या तालमीला सांगितलंसा. अक्का खोकत हुती, ते सांगितलंसा काय?" उत्तराला थांबला नाही. चिमणाचे एक लुगडे घेऊन गेला.

११ जुलै

ज्ञानू गेल्यापासून चूल मलाच पेटवावी लागते. आज प्रथमच भात टाकून समोर बसलो. खिडकी नाही; बाहेर पाऊस म्हणून दार ओढून घेतले होते. चूल तापली तसा मागचा पत्रा तापला. आधी डोळे चुरचुरले. लाकडे कोरडी होती, मीच वखारीतून आणली होती. मग घसा. मग छाती अशी आवळली की ऊर फुटेल असे वाटले. भात तसाच टाकून दार उघडले आणि पावसात जाऊन उभा राहिलो.

अर्धा भात शिजेपर्यंत मला बसवले नाही. ती दीड महिना बसली.

बाबालालला बोलावून पिंप उचलला. तालमीच्या मागे उघडी छपरी आहे, तिथे उंच फळ्या घालून ठेवला. ओलीने थोडा जोर जाईल. जाऊ दे. पिंप उचलताना बाबालाल म्हणाला, "हे आदीच करायचं हुतं, सायेब." आज झापले नाही.

अंबूबाईंच्या दारात गेलो. काय बोलायचे ते ठरवून गेलो होतो, पण त्यांनी दार उघडल्यावर नुसताच उभा राहिलो. त्यांनी जेवायला वाढले.

१६ जुलै

तालमीची विहीर आणि पिराजीची विहीर, दोन्हींत पावडर पडते आहे. माप पुन्हा पहिल्यासारखे. वस्तादांनी स्वतः पिराजीला समज दिली. आठवडाभरात पेठेत नवा रोगी नाही. डॉक्टरसाहेब म्हणतात, हे आधी झाले असते तर एकही मरण आले नसते. खरे आहे. मी मान हलवली.

आज विहिरीवर आकाराम आला होता. बायको गेल्यापासून पाणी तोच भरतो. घागर काठावर ठेवून त्याने विचारले, "सायेब, खरं सांगा. ह्या चुन्यानं मानसाला काय हुतंय?"

मी म्हणालो, "पाण्यात मापाने असला तर पटकी होत नाही. माप चुकले तर घसा जळतो, पोटात आग होते. आणि कोरडा पिंप कोंडलेल्या घरात ठेवला तर छाती जाते. माझ्या बायकोची गेली. त्याला भिऊन ती मळ्यात गेली, आणि तुझी तिच्याबरोबर."

त्याने घागरीला दोर बांधला. "हे मे म्हैन्यात सांगितलं असतंसा तर?"

मे महिन्यात मला हे ठाऊक नव्हते. पण घसा झोंबतो हे ठाऊक होते. पहिल्याच दिवशी.

त्याने घागर भरली आणि गेला.

१९ जुलै

डॉक्टरसाहेबांनी बोलावून खडसावले. पेठेत औषधाबद्दल भलतेसलते बोलतोस, अशी तक्रार आली आहे म्हणे. "फायदा सांग. अपायाचे आपण पाहायचे, लोकांनी नाही. इतक्या मुश्किलीने विहीर उघडली आहे." मी होय साहेब म्हणालो. त्यांचे चुकते असेही वाटत नाही. मीच होतो ना तसा, अगदी तसाच.

संध्याकाळी तालमीच्या विहिरीवर एक नवी सून आली होती, कडेवर तान्हे. ओढलेल्या घागरीचा वास घेऊन तिने मला विचारले, "पोराला चालंल न्हवं?"

चालेल, म्हणालो. पटकीपासून वाचेल. वास जास्त वाटला तर पाणी उघड्या भांड्यात चार तास ठेव, मग पाज. तसेच तीव्र पाजलेस तर घसा धरेल. एवढेच.

तिने शेवटचे तेवढे ऐकले. घागर पायरीवर ओतली आणि मळ्याच्या वाटेला लागली. मी हाक मारून सांगितले की बाई, त्या विहिरीतही आज सकाळीच पावडर टाकली आहे. ती थांबली.

"तितंबी?" म्हणाली, आणि नदीच्या वाटेला वळली.

मी तिच्या मागून थोडे अंतर चालत गेलो. तिला थांबवण्यासारखे काही बोलायचे होते. खरेही असेल आणि तिला भीतीही वाटणार नाही असे काही. चढ उतरून ती दिसेनाशी झाली तरी मला ते सुचले नाही. मग परत आलो.